कॉर्कचे प्रोफेसर बूल आणि कोशेरचे गणित



आपल्या घरांतली नातवंडे शाळेतून आली की त्यांच्या गणिताच्या वहीत हल्ली एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळे दिसतात. शेजारी उदाहरण असते: वर्गात इतकी मुले, त्यांतली इतकी फुटबॉल खेळतात, इतकी बास्केटबॉल खेळतात, इतकी काहीच खेळत नाहीत, तर दोन्ही खेळ खेळणारी किती? नातू विचारतो, आणि आजी-आजोबा म्हणतात, "बाळा, आमच्या वेळी हे नव्हते." ते खरेच आहे. आपण पावकी-निमकी पाठ केली, सरळव्याज शिकलो, दोन नळांनी हौद किती वेळात भरेल ते काढले. पण 'संच' नावाचा धडा आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आला नाही. इस्राएलच्या शाळांत त्यालाच 'क्वुत्सा' म्हणतात.

तरीही हे गणित आपल्याला परके नाही. ते आपण मासळीच्या टोपलीपुढे बसून केलेले आहे. एवढेच नव्हे, ज्या माणसाने हा विचार पहिल्यांदा बीजगणिताच्या अक्षरांत मांडला, त्याने आपल्या ग्रंथात एक उदाहरण थेट आपल्या तोरामधून घेतले. तो माणूस आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहत होता. त्याची ओळख करून घेऊ, आणि मग ही उदाहरणे सोडवायची कशी ते सावकाश पाहू. जवळ कागद-पेन्सिल असू द्या.

चांभाराचा मुलगा

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील जोडे शिवत. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे मुलाला विद्यापीठाचे तोंड पाहता आले नाही. ग्रीक आणि पुढचे गणित तो स्वतःच पुस्तकांतून शिकला. वीस वर्षांचा होण्याआधीच त्याने स्वतःची शाळा काढली. १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्या गणितातल्या लेखाला सुवर्णपदक दिले.

त्या सुमारास आयर्लंडमध्ये बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे तीन क्वीन्स कॉलेजे स्थापन होत होती. त्यांत कोणत्याही एका पंथाचे शिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते, म्हणून दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंकडून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. १८४९ मध्ये कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे पहिले प्रोफेसर म्हणून बूल यांची नेमणूक झाली. पदवी नसलेला माणूस प्रोफेसर झाला! तेथे असतानाच १८५४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ 'विचारांच्या नियमांचा शोध' असा सांगता येईल.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. १८५५ मध्ये बूल यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी विवाह केला. हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले आहे, ते मेरीबाईंचे सख्खे काका. बूल यांचे स्नेही आणि याच विषयात मोठे काम करणारे ऑगस्टस डी मॉर्गन हे तर जन्मले मदुराईत, १८०६ साली. मेरीबाईंनी १९०१ मध्ये एक लांबलचक पत्र लिहून असे मत मांडले की या मंडळींच्या गणितावर हिंदी विचारांची छाया पडलेली आहे. ती किती पडली हे मोजता येणार नाही, पण हिंदुस्थानचा उल्लेख त्या घरात वरचेवर होत असणार यात नवल नाही.

तोरामधले उदाहरण

आता मुख्य गोष्ट. कोणता प्राणी खावा आणि कोणता खाऊ नये, हे आपण शेमिनी आणि रेए या पाराशांत दरवर्षी ऐकतो. प्राण्याला दोन खुणा हव्यात. एक, खूर दुभंगलेले असावे, म्हणजे 'मफ्रिस पर्सा'. दुसरी, तो रवंथ करणारा असावा, म्हणजे 'मआले गेरा'. दोन्ही असतील तरच प्राणी शुद्ध. बूल यांनी आपल्या ग्रंथात यहुदी धर्मशास्त्रातली हीच व्याख्या उदाहरण म्हणून घेतली.

कागदावर दोन वर्तुळे काढा, एकमेकांवर थोडी चढलेली. डावे वर्तुळ 'खूर दुभंगलेले', उजवे वर्तुळ 'रवंथ करणारे'. आता कागदावर चार जागा तयार झाल्या. त्या भरू.

मधला भाग, जो दोन्ही वर्तुळांत आहे: गाय-बैल, मेंढी, बकरी. रेए पाराशात अशा दहा प्राण्यांची नावे दिली आहेत.

फक्त डावा भाग: डुक्कर. खूर दुभंगलेले आहे, पण रवंथ करत नाही.

फक्त उजवा भाग: उंट, शाफान आणि ससा. हे तोरामध्ये रवंथ करणाऱ्यांत मोजले आहेत, पण त्यांचे खूर दुभंगलेले नाही.

दोन्ही वर्तुळांच्या बाहेर: घोडा, गाढव, कुत्रा, मांजर.

लक्षात घ्या, शेमिनी पाराशात हे चार प्राणी नावे घेऊन का सांगितले असतील? घोड्याबद्दल कोणाचा घोटाळा होत नाही, कारण त्याच्यात एकही खूण नाही. घोटाळा होतो तो एका वर्तुळात असून दुसऱ्यात नसलेल्यांचा. अर्धी खूण पाहून माणूस फसतो. म्हणून नेमके तेच चार सांगितले: एका बाजूचे तीन आणि दुसऱ्या बाजूचा एक.

बूल यांनी वर्तुळे काढली नाहीत. ती पुढे १८८० मध्ये केंब्रिजच्या जॉन वेन यांनी रूढ केली, म्हणून मुले त्यांना 'वेन आकृती' म्हणतात. बूल यांनी अक्षरे वापरली. आपण मराठी अक्षरे घेऊ. 'श' म्हणजे शुद्ध प्राणी, 'ख' म्हणजे खूर दुभंगलेले, 'र' म्हणजे रवंथ करणारे. मग नियम असा लिहायचा:

श = ख × र

येथे गुणाकार म्हणजे चाळणीवर चाळणी. सगळे प्राणी आधी 'ख' या चाळणीतून काढा, उरले ते 'र' या चाळणीतून काढा. चाळण्यांचा क्रम बदलला तरी शेवटी तेच प्राणी हातात येतात. आणि तांदूळ एका चाळणीने चाळून झाल्यावर त्याच चाळणीने पुन्हा चाळले तर काही नवे पडत नाही. म्हणून बूल म्हणतात की या गणितात ख × ख = ख. साध्या आकड्यांत असे दोनच आकडे आहेत, ० आणि १. शून्याला शून्याने गुणले तर शून्य, एकाला एकाने गुणले तर एक. म्हणून त्यांनी ० म्हणजे 'काहीच नाही' आणि १ म्हणजे 'सगळेच' असा अर्थ घेतला. मग 'ख नसलेले' लिहायचे १ − ख. सगळ्यांतून खूर दुभंगलेले काढून टाका, उरले ते बाकीचे.

यावरून अशुद्ध प्राणी कोणते, हे बूल यांनी समीकरणातून काढून दाखवले. उत्तर तीन भागांत येते: खूर दुभंगलेले पण रवंथ न करणारे, रवंथ करणारे पण खूर न दुभंगलेले, आणि दोन्ही नसलेले. आपण वर कागदावर पाहिले तेच. या तीन भागांत एकही प्राणी दोनदा येत नाही. ही गोष्ट मनात पक्की धरा, कारण सगळ्या उदाहरणांची किल्ली तीच आहे. आधी माणसे अशा भागांत वाटायची की कोणी दोन भागांत येणार नाही. मगच बेरीज करायची.

दोन गटांचे उदाहरण

समजा, एका घरी मलिदा आहे. ५० माणसे जमली. त्यांतली ३४ मराठी बोलतात, २९ हिब्रू बोलतात. ६ जणांना दोन्ही येत नाहीत, ती परदेशात वाढलेली, फक्त इंग्रजी बोलणारी मुले. तर मराठी आणि हिब्रू दोन्ही बोलणारे किती?

घाईने ३४ आणि २९ मिळवले तर ६३ होतात. पण घरात माणसे ५० आणि त्यांतही ६ या हिशेबात नाहीत. म्हणजे निदान एक भाषा बोलणारे ५० − ६ = ४४. मग ६३ कसे झाले? दोन्ही बोलणारा प्रत्येक माणूस दोनदा मोजला गेला, एकदा मराठीत आणि एकदा हिब्रूत. जास्तीचे जितके, तितकेच दोन्ही बोलणारे: ६३ − ४४ = १९.

आता भाग भरा. मधे १९. फक्त मराठी ३४ − १९ = १५. फक्त हिब्रू २९ − १९ = १०. बाहेर ६. ताळा पाहा: १५ + १९ + १० + ६ = ५०. बरोबर.

मधल्या भागाला मराठी पुस्तकात 'छेद' म्हणतात, हिब्रूत 'खितुख'. दोन्ही वर्तुळांच्या मिळून जागेला 'संयोग' म्हणतात, हिब्रूत 'इखुद'. नातवंडांना हे शब्द सांगितले तर ती जरा चकित होतील.

एक सावधगिरी. उदाहरणात 'मराठी बोलणारे ३४' असे म्हटले तर त्यांत दोन्ही बोलणारे आलेच. 'फक्त मराठी बोलणारे' असे म्हटले तर ते आले नाहीत. 'फक्त' या एका शब्दाने उत्तर फिरते. मुलांच्या बहुतेक चुका बेरजेच्या नसतात, हा शब्द न वाचण्याच्या असतात. आयर्लंडच्या शाळांत पूर्वीच्या ज्युनिअर सर्टिफिकेट परीक्षेसाठी तीन वर्तुळांपर्यंतची उदाहरणे शिकवली जात, आणि तेथेही मुले नेमकी येथेच अडखळत.

मासळीची टोपली

आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली हकीकत सर्वांना ठाऊक आहे. डेव्हिड राहाबी कोकणात आले. आपले पूर्वज तेव्हा तेल गाळत, शाबाथला घाणा बंद ठेवत आणि लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हे खरोखर इस्राएल आहेत का, हे पाहण्यासाठी राहाबींनी बायकांपुढे सर्व प्रकारची मासळी एकत्र ठेवली आणि शिजवायला सांगितले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबींची खात्री पटली.

त्या बायकांनी काय केले? दोन वर्तुळांचा छेद काढला. जिताडा, रावस, पापलेट यांना पंख आहेत आणि खवलेही आहेत, म्हणून ते मधल्या भागात. शिंगाळ्याला पंख आहेत पण खवले नाहीत, म्हणून तो एकाच वर्तुळात. चिंबोऱ्या, कोळंबी आणि तिसऱ्यांना यांतले काहीच नाही, म्हणून त्या दोन्ही वर्तुळांच्या बाहेर. आकडा एकही नाही, पाटी-पेन्सिल नाही, तरी वाटणी अचूक.

आता येथे एक सुंदर बारकावा आहे. मिश्नाच्या निद्दा या भागात आपल्या विद्वानांनी सांगून ठेवले आहे की ज्या माशाला खवले असतात त्याला पंख असतातच, पण पंख असून खवले नसलेले मासेही असतात. गणिताच्या भाषेत, खवल्यांचे वर्तुळ पंखांच्या वर्तुळात पूर्णपणे सामावलेले आहे. अशा आतल्या वर्तुळाला 'उपसंच' म्हणतात.

उदाहरण घ्या. टोपलीत ४० नग आहेत. ३३ ना पंख आहेत, २१ ना खवले आहेत. कोशेर किती? येथे छेद वेगळा दिलेला नाही, पण मिश्ना माहीत असणाऱ्याला तो लागत नाही. खवलेवाले २१ सगळेच पंखवाल्यांत आहेत, म्हणून कोशेर २१. पंख असून खवले नसलेले ३३ − २१ = १२. दोन्ही नसलेले ४० − ३३ = ७. ताळा: २१ + १२ + ७ = ४०. बाजारात मासा घेताना खवले पाहिले की काम झाले, असे जाणते लोक सांगतात ते याच कारणाने.

मग गेमारात प्रश्न येतो: खवले पाहून भागत असेल तर तोरामध्ये पंखांचा उल्लेख कशाला? विद्वान उत्तर देतात की तोराची थोरवी वाढावी म्हणून. गणिताच्या मास्तरांना हे उत्तर चालणार नाही कदाचित. पण प्रश्न मात्र पक्का गणिती आहे: दोन अटींपैकी एक दुसरीत सामावलेली असेल तर ती लिहायची गरज काय? तो प्रश्न आपल्या लोकांनी बूल यांच्या कितीतरी शतके आधी विचारला होता.

तीन याद्या

समाजाच्या कामात हे गणित रोज लागते. समजा, एका गावात कमिटीकडे तीन याद्या आहेत. सिनेगॉगच्या यादीत ४८ कुटुंबे, मासिकाच्या यादीत ४०, आणि सहलीच्या यादीत २७. कमिटीला हनुक्काचे निमंत्रण प्रत्येक कुटुंबाला एकदाच पाठवायचे आहे. तिन्ही मिळवली तर ११५. इतकी पाकिटे छापली तर काही घरांत दोन-तीन जातील, पैसे वाया जातील आणि हिशेबात समाज खऱ्यापेक्षा मोठा दिसेल.

याद्या ताडून पाहिल्या. सिनेगॉग आणि मासिक या दोन्हींत असलेली २० कुटुंबे निघाली. मासिक आणि सहल या दोन्हींत १२, सहल आणि सिनेगॉग या दोन्हींत १४, आणि तिन्हींत ८.

रीत अशी. आधी तिन्ही याद्या मिळवा: ४८ + ४० + २७ = ११५. मग दोन-दोनचे छेद वजा करा: २० + १२ + १४ = ४६, म्हणून ११५ − ४६ = ६९. येथे थांबू नका. तिन्ही याद्यांत असलेली ८ कुटुंबे पहिल्या बेरजेत तीनदा आली होती, आणि वजाबाकीत तीनदाच गेली. म्हणजे ती हिशेबातून साफ पुसली गेली. जी घरे सगळ्यांत जास्त हजर असतात तीच यादीतून गळली! म्हणून त्यांना एकदा परत घ्या: ६९ + ८ = ७७. पाकिटे ७७ हवीत.

भाग पाडून ताळा पाहू. नेहमी मधून बाहेर यावे. तिन्हींत ८. फक्त सिनेगॉग आणि मासिक २० − ८ = १२. फक्त मासिक आणि सहल १२ − ८ = ४. फक्त सहल आणि सिनेगॉग १४ − ८ = ६. एकट्या सिनेगॉगमध्ये ४८ − ८ − १२ − ६ = २२. एकट्या मासिकात ४० − ८ − १२ − ४ = १६. एकट्या सहलीत २७ − ८ − ४ − ६ = ९. सगळे मिळवा: ८ + १२ + ४ + ६ + २२ + १६ + ९ = ७७. जमले.

दोन खुणा असतील तर चार भाग होतात, तीन असतील तर बाहेरचा धरून आठ. प्रत्येक नव्या खुणेने भाग दुप्पट होतात, कारण प्रत्येक भागातल्या माणसाला एक नवा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असते.

माहिती अपुरी असेल तेव्हा

कधी कधी दोन्ही यादीतले किती हे कोणालाच माहीत नसते. समजा, मराठी आणि हिब्रू अशा दोन भाषांतल्या एखाद्या मासिकाचे १०० वाचक आहेत. ८० मराठी वाचतात, ५५ हिब्रू वाचतात. दोन्ही वाचणारे किती? नक्की सांगता येत नाही. पण अगदीच काही सांगता येत नाही असेही नाही. ८० + ५५ = १३५, आणि माणसे १००. म्हणून निदान ३५ जण दोन्ही वाचतातच. आणि ५५ पेक्षा जास्त असू शकत नाहीत, कारण हिब्रू वाचणारेच ५५ आहेत. उत्तर ३५ आणि ५५ च्या मधे कोठेतरी आहे. प्रत्येक वाचकाला निदान एक भाषा येते असे कळले तर उत्तर नेमके ३५. प्रामाणिक हिशेबनीस अशा वेळी एकच आकडा ठोकून देत नाही. 'निदान इतके, फार तर इतके' असे सांगतो.

'हे की ते?'

या गणितामागे एक सवय आहे, आणि ती आकड्यांपेक्षा मोठी आहे. कोणी विचारले, "तुम्ही हे की ते?" तर आधी पाहावे की ही वर्तुळे वेगवेगळी आहेत की एकमेकांवर चढलेली.

बेलफास्टमध्ये एक जुना विनोद सांगतात. एका माणसाला कोणी दरडावून विचारतो, "तू कॅथॉलिक की प्रॉटेस्टंट?" तो म्हणतो, "मी यहुदी." त्यावर पुढचा प्रश्न, "ते ठीक, पण कॅथॉलिक यहुदी की प्रॉटेस्टंट यहुदी?" विचारणाऱ्याच्या कागदावर दोनच वर्तुळे होती, बाहेरची जागाच नव्हती. पुढे १९८९ च्या कायद्याने उत्तर आयर्लंडमधल्या मालकांना कामगारांचा समाज नोंदवणे भाग पडले, तेव्हा फॉर्ममध्ये तिसरी चौकट आली: दोन्हींपैकी नाही. म्हणजे वेन आकृतीतली बाहेरची जागा.

याच बेलफास्टमध्ये १९१८ साली खाईम हर्झोग जन्मले आणि डब्लिनमध्ये वाढले. त्यांचे वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी होते, नंतर ते इस्राएलचे मुख्य रब्बी झाले. खाईम हर्झोग इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९८५ मध्ये डब्लिनला जाऊन त्यांनी तेथल्या यहुदी संग्रहालयाचे उद्घाटन केले. बूल यांच्या कॉर्कमध्ये १९७७ साली जेराल्ड गोल्डबर्ग हे यहुदी गृहस्थ लॉर्ड मेयर होते. ही माणसे आयरिश की यहुदी? प्रश्नच चुकीचा. ती मधल्या भागातली माणसे.

आपणही त्याच भागातले. मराठी की यहुदी, हिंदी की इस्राएली, हे आपल्याला अनेकांनी विचारले. मलिदाचे ताट, एलियाहू हानाबीची आठवण आणि मराठी कीर्तन ज्यांच्या घरात एकत्र नांदते, त्यांना एक वर्तुळ सोडल्याशिवाय दुसऱ्यात पाय ठेवता येत नाही असे वाटत नाही.

आणखी एक प्रसंग ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. १९६२ मध्ये आपल्या मुलामुलींच्या विवाहाच्या वेळी पूर्वजांची चौकशी करावी अशा सूचना मुख्य रब्बींच्या कचेरीतून निघाल्या. तेव्हा प्रश्न छेदाचा नव्हता, उपसंचाचा होता: बेने इस्राएल हे वर्तुळ यहुदी लोकांच्या मोठ्या वर्तुळात पूर्णपणे आहे की नाही? पूर्णपणे आहे असे एकदा मान्य केले, तर आतल्या प्रत्येक माणसाला दारात थांबवून वेगळे विचारण्याचे कारण उरत नाही. उपसंचाचा अर्थच तो. आपले लोक निदर्शनांसाठी रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठरावात स्पष्ट केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. त्यानंतर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे वेगळे नाव काढले गेले. मासळीच्या टोपलीपुढे जे कोकणात सिद्ध झाले होते, ते येरुशलाइममध्ये पुन्हा सांगावे लागले.

बूल यांचे पुढे काय झाले

१८६४ च्या नोव्हेंबरमध्ये भर पावसात बूल घरून कॉलेजपर्यंत सुमारे तीन मैल चालत गेले आणि ओल्या कपड्यांनीच वर्गात शिकवले. त्यातून दुखणे आले आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते वारले. मागे मेरीबाई आणि पाच मुली. मेरीबाईंनी पुढे मुलांना गणित गोडीने कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. कॉर्कच्या विद्यापीठातले ग्रंथालय आज बूल यांच्या नावाने आहे.

त्यांचे ० आणि १ चे गणित बरीच वर्षे विद्वानांपुरतेच राहिले. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या तरुणाने दाखवले की विजेची बटणे चालू-बंद करून तेच गणित यंत्राकडून करवता येते. आपल्या हातातला मोबाईल त्याच 'आहे' आणि 'नाही' वर चालतो. नातवंडे ज्या यंत्रावर दिवसभर बोटे फिरवतात, त्याच्या मुळाशी असलेले गणित एकदा आपल्या कोशेरच्या नियमावर चालवून पाहिले गेले होते, हे त्यांना जरूर सांगा.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. रोश हाशानाला एका घरी ३६ पाहुणे आले. २४ जणांनी चिकाचा हलवा खाल्ला, १९ जणांनी सफरचंद आणि मध घेतला, आणि ३ जणांनी डायबेटिसमुळे दोन्हींना नमस्कार केला. तर हलवा आणि सफरचंद दोन्ही खाणारे किती, आणि फक्त हलवा खाणारे किती? आधी स्वतः करून पाहा, मग पुढची ओळ वाचा.

उत्तर: दोन्ही खाणारे १०, फक्त हलवा खाणारे १४, फक्त सफरचंद घेणारे ९, काहीच न घेणारे ३. एकूण ३६.